फाटकाबाहेरची माणसं

इंग्रजांनी इथे वसाहत वसवल्याचा वर्धापनदिन त्या वर्षी नेमका शुक्रवारी आला, त्यामुळे सणाच्या जेवणात मटण नव्हतं, आणि मटण नाही म्हटल्यावर ब्रायडी सकाळपासूनच धुसफुसत होती. शुक्रवारी मासळी खा असं पोपने सांगितलं असेल, पण वर्षातून एकदा येणाऱ्या सुट्टीलाही खा असं आपल्या भावजयीनेच ठरवलंय, असा तिचा दावा होता. ती कॉन हॅलिननची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून शहरातल्या सरी हिल्स वस्तीतला पब एकटीने चालवायची, आणि तिथे गिऱ्हाइकांना जो आवाज लावायचा तोच भावाच्या घरीही लावायची.

ऊन मी म्हणत होतं. वारा सकाळपासून पडलेला. कॉन दर दोन घासांनी उठून खिडकीशी जायचा, खाली तलावाकडे बघायचा, दक्षिणेचा वारा संध्याकाळपर्यंत सुटेल असं म्हणून परत बसायचा. त्याचा मुलगा ऑस्टिन कॉलर सैल करायचा आणि पुन्हा नीट करायचा. मुलगी डेलियाने बटाट्याचा असा काला केला होता की तो काट्याने खायचा की चमच्याने, हा प्रश्नच होता. एकटी कॉनची बायको होनोरा शांतपणे माशाचे काटे काढत होती, आणि तिच्या त्या शांतपणाचाच सगळ्यांना जास्त त्रास होत होता.

झालं होतं ते असं. मागच्या आठवड्यात बुधवारी, घराच्या खाली कॉनने सुरुंग लावून खडकातून काढलेल्या त्या समुद्राच्या पाण्याच्या तलावात, महिला मंडळाच्या पोहण्याच्या शर्यती झाल्या. त्यात डेलियाने शंभर यार्ड असे मारले की इतक्या लवकर कुणा बाईने जगात कुठे मारल्याची नोंद नव्हती. नोंद तिचीही झाली नाही. मंडळाच्या तीन बायका घड्याळं घेऊन उभ्या होत्या आणि तिन्ही घड्याळं एकच सांगत होती. पण पुरुषांच्या जलतरण महासंघाने कळवलं की आमच्या माणसाने डोळ्यांनी पाहिलं नाही ते आम्ही धरत नाही. उद्या शनिवारी शहरातल्या तलावात आमच्या शर्यती आहेत, तिथे पोहून दाखवा. जमलं, तर स्टॉकहोमला होणाऱ्या जागतिक खेळांसाठी नाव धाडू. तिथे बायकांना यंदा पहिल्यांदाच पाण्यात उतरू देणार होते.

शहरातल्या तलावाभोवती अर्थातच पुरुष बसणार. आणि महिला मंडळाचा पहिला नियम असा की पुरुषांच्या देखत शर्यतीत उतरणारी सभासद त्या दिवसापासून सभासद राहत नाही. तो नियम करणारी बाई टेबलाच्या टोकाला बसून माशाचे काटे काढत होती. होनोरा हॅलिनन, डेलियाची आई, मंडळाची अध्यक्ष. नियम ठेवायचा की उद्यापुरता बाजूला सारायचा, हे ठरवायला मंडळाच्या बायका चार वाजता याच घरात येणार होत्या. निम्म्या इकडे, निम्म्या तिकडे. म्हणजे निकाल होनोराच्या मतावर, आणि ते मत काय हे नवऱ्यालासुद्धा ठाऊक नव्हतं.

कॉनला विचारलं असतं तर त्याने काय सांगितलं असतं, हाही प्रश्नच होता. डेलिया चालायला शिकली त्याच उन्हाळ्यात त्याने तिला पाण्यात सोडलं होतं. हात कसा टाकायचा, श्वास कधी घ्यायचा, भरतीच्या पाण्यात पाय कसे मारायचे, सगळं त्याचं. पण तिची एकही शर्यत त्याने पाहिलेली नव्हती. शर्यतीच्या दिवशी तो स्वतःच्याच तलावाच्या फाटकाबाहेर उभा राहायचा, रस्त्याकडे तोंड करून, कारण फाटक राखायला पुरुषच लागतो आणि पुरुषाने आत बघायचं नसतं. बँडवाल्यांना निदान कनातीमागे उभं राहून वाजवायची मुभा होती. कॉनला तीही नव्हती. डेलिया जिंकली की हरली हे तो गलक्यावरून ओळखायचा, आणि इतक्या वर्षांत त्याचा अंदाज कधी चुकला नव्हता.

ब्रायडीने शेवटी प्लेट बाजूला सारली आणि विषयाला हात घातला. पोरीने नशीब काढलंय, तिला स्वीडनला पाठवायचं सोडून तुम्ही घरात बैठका कसल्या घेता, असं तिने सगळ्यांना उद्देशून पण होनोराकडे बघत विचारलं. होनोरा म्हणाली, चार वाजता ठरेल.

ऑस्टिनला तेवढं निमित्त पुरलं. तो बँकेत कारकून होता आणि मॅनेजरच्या पुतणीशी, मिस प्राउसशी, त्याचं जमत आलं होतं. बहीण अंगाला चिकटलेल्या कपड्यात अर्ध्या शहरापुढे उभी राहणार, आणि सोमवारी आपण मॅनेजरसाहेबांना गुड मॉर्निंग म्हणायचं, हे चित्र त्याला आठवडाभर झोपू देत नव्हतं. त्याने ते बरंच सभ्य शब्दांत मांडलं. ब्रायडीने सभ्य शब्द काढून टाकून तेच परत मांडलं आणि विचारलं, तुझ्या प्राउसबाईंना कधी घाम तरी येतो का रे, की त्याच्यासाठीही काकांची परवानगी लागते?

ऑस्टिन लाल झाला. माणूस चिडला की जे राखून ठेवलंय तेच आधी बाहेर पडतं.

"मला काय बोलतेस? मी नाही तिचं नुकसान केलं. पेटिग्रू त्या बुधवारी आला होता."

पेटिग्रू म्हणजे महासंघाचा शर्यतींची वेळ घेणारा सर्वांत जुना माणूस. त्याच्या घड्याळाने घेतलेली वेळ म्हणजे दगडावरची रेघ, असं पोहणाऱ्यांत मानत.

"कुठे आला होता?" डेलियाने विचारलं.

"आपल्या फाटकावर. घड्याळ घेऊन. काल बँकेत त्यानेच मला सांगितलं. त्याला आत सोडला असता तर तुझी वेळ त्याच दिवशी लिहिली गेली असती. उद्याची भानगडच नव्हती. बाबांनी परत पाठवला."

डेलिया बापाकडे वळली. तिला वाटलं होतं की तो लगेच नाही म्हणेल. आठ-दहा दिवस ती सगळ्यांना सांगत फिरली होती की पुरुषांनी यायची तसदीसुद्धा घेतली नाही. घरात एक माणूस आपल्या बाजूने आहे, या एका गोष्टीवर ती सकाळपासून या टेबलाशी टिकून बसली होती.

"बाबा?"

"नियम होता," कॉन म्हणाला. "पुरुष आत नाही. बिशप आला तरी नाही, असं तुझी आई पहिल्या दिवशी म्हणाली होती. पेटिग्रू काही बिशप नाही."

"मला विचारायचंस की रे," होनोरा म्हणाली. काटे काढायचे थांबले होते. "म्हाताऱ्याला बँडवाल्यांबरोबर उभा केला असता. कनातीला एक फट ठेवली असती. मला एकदा विचारायचंस."

"विचारायला आत यावं लागलं असतं."

ब्रायडी हसायला लागली, आणि कुणीच हसत नाही हे बघून थांबली.

"निरोप पाठवायचा," होनोरा म्हणाली.

"कुणाबरोबर? फाटकावर मी एकटा. रस्त्यावर टारगटांची ही गर्दी. मी दहा पावलं हललो असतो तर सगळे कुंपणावर चढले असते, आणि मग तूच म्हणाली असतीस की कॉन, तुला एक काम सांगितलं होतं." तो पुन्हा उठून खिडकीशी गेला. "तो गेला नाही लगेच. माझ्या शेजारी उभा राहिला. पिस्तूल वाजलं तसं त्याने सवयीने घड्याळ दाबलं. गलका झाला तेव्हा थांबवलं. तुमच्या बायकांचा आकडा मला नंतर कळला. त्याचा तोच होता. मी म्हटलं, मग लिही. तर म्हणाला, हॅलिनन, कानांनी घेतलेली वेळ मला लिहिता येत नाही. पण उद्याची संधी त्यानेच भांडून मिळवलीय, हेही ऑस्टिनने सांगायला हवं होतं."

ऑस्टिनने ते सांगितलं नव्हतं खरं.

डेलिया उठली. खुर्ची मागे पडली तरी तिने उचलली नाही. दारात जाऊन ती वळली.

"तुम्ही दोघं ना," ती म्हणाली, "एकाने नियम करायचा आणि दुसऱ्याने तो देवापेक्षा जास्त पाळायचा. मध्ये मी." आणि परसात निघून गेली.

जेवण तिथेच संपलं. कॉन खाली फाटकाचं कुलूप तेल घालून मोकळं करायला गेला. ते कालच केलेलं होतं.

स्वयंपाकघरात ब्रायडीने बाह्या वर केल्या. भांडी घासायला आणि भांडायलाही. होनोराला हे माहीत होतं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून ब्रायडीची प्रत्येक खरी गोष्ट मोरीपाशीच निघायची.

ब्रायडीचं म्हणणं होतं की तुझ्या नियमापायी माझ्या भावाचा दारवान झाला, ते मी वीस वर्षं गिळलं. आता पोरीचंही तेच करतेस. जगातली सगळ्यांत वेगवान बाई तुझ्या पोटची आहे आणि तू तिला पडद्यात ठेवणार. कशासाठी? चार म्हाताऱ्या टोप्या घालून येतात, त्यांच्यासाठी?

होनोराने तिला बोलू दिलं. मग हात पुसले.

"टेस आठवते तुम्हाला?"

टेस होनोराची धाकटी बहीण. ब्रायडीने तिला एकदाच पाहिलं होतं, लग्नात.

"ती डेलियापेक्षा चांगली पोहायची," होनोरा म्हणाली. "हे मी कॉनपुढे बोलत नाही. तेव्हा शर्यती नव्हत्या, मंडळ नव्हतं, काही नव्हतं. पोहणाऱ्या मुलीला एकच जागा होती, थिएटरातला काचेचा हौद. खेळ रात्रीचा, तिकीट लावून. पहिल्या महिन्यात लोक म्हणाले वाहवा, काय पोहते. तिसऱ्या महिन्यात पोहण्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. मालक म्हणाला कपडा आखूड कर, तिने केला. मेलबर्नच्या धर्मादाय इस्पितळात तिचा देह ओळखायला मी गेले होते."

ब्रायडी प्लेट पुसत राहिली. ती कधीच पुसून झाली होती.

"दर बुधवारी खाली दोनशे मुली येतात," होनोरा पुढे म्हणाली. "त्यांच्या आया कशा आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे. पोरीचा घोटा दिसला तर छातीवर क्रूस काढणाऱ्या. त्या पाठवतात, कारण मी प्रत्येकीच्या दारात जाऊन शब्द दिलाय की आत पुरुष नाही. फादर मुल्क्वीन चर्चमध्ये वेदीवरून आमच्याविरुद्ध बोलत नाहीत, ते त्या शब्दावर. मी आज म्हटलं की नियम एका दिवसापुरता बाजूला, तर त्या म्हणतील, अध्यक्षीणबाईंची मुलगी निघाली तेव्हा नियम गेला. पुढच्या बुधवारी पन्नास येतील. त्याच्या पुढच्या, दहा. आणि मग जी पोहायला शिकेल ती पुन्हा हौदात."

ब्रायडीने मोरीतलं पाणी सोडून दिलं. तिचा पब संध्याकाळी भरायचा, आणि तिथे कामाला ठेवलेली पोरगी ग्लास उचलायला वाकली की गप्पा कशा बंद होतात, हे तिने रोज पाहिलेलं होतं. त्या बंद झालेल्या गप्पांवर तिने घर चालवलं होतं, हेही ती विसरली नव्हती.

"तू बाई खडूस आहेस," ती शेवटी म्हणाली. "पण नियम मोडू नकोस."

होनोराला वाटलं होतं की असं कुणी म्हटलं तर बरं वाटेल. तिला अजिबात बरं वाटलं नाही. या एका बाबतीत ब्रायडीने आपल्याला हरवावं अशी तिची इच्छा होती, हे तिला आत्ता कळलं.

परसात डेलिया विहिरीच्या कठड्यावरून उठून कपड्यांच्या दोरीपर्यंत जायची, दोरीपासून पुन्हा कठड्यापर्यंत. अंगाला पाणी हवं होतं. खाली बाप होता म्हणून उतरता येत नव्हतं. तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. उद्या गेले तर मंडळ सुटतं. बुधवारच्या मुली, बारक्या पोरींची ती तुकडी, जिला ती नाक दाबून बुडी मारायला शिकवायची, आईबरोबर सकाळी सहाला फाटक उघडणं, सगळं. नाही गेले तर स्वीडनची बोट सुटते, आणि अशी बोट तिच्या आयुष्यात पुन्हा सुटणार नाही.

ऑस्टिन आला आणि लांबच उभा राहिला. तू काय सांगायला आलास, असं तिने विचारलं. मॅनेजरसाहेबांचा निरोप?

तो म्हणाला की मिस प्राउसने उद्याचं तिकीट काढलंय. त्याला न विचारता. मैत्रिणींना घेऊन जातेय, आणि तू पोहणार नसशील तर तिकिटाचे पैसे मी द्यावेत असं म्हणते.

डेलियाला हसू आलं, ते तिने दाबलं.

"आणि दुसरं," ऑस्टिन म्हणाला, "मागच्या हिवाळ्यात सकाळी तू मला तलावाच्या त्या टोकापर्यंत मागे टाकलंस. दोनदा. मी पाय मुरगळलाय म्हणालो होतो."

"मुरगळला नव्हता?"

"नाही. तू जा उद्या. मी बाबांबरोबर येईन." एवढं बोलून तो आत गेला, असली वाक्यं बोलून उभं राहणं त्याला जमत नसे.

बायका चारच्या आधीच आल्या. ट्रामच्या धुळीने टोप्या माखलेल्या, हातात पंखे. डेलियाशी कुणी नीट बोललं नाही. जिला बोलायचं होतं तिला काय बोलावं कळेना आणि जिला कळत होतं तिने नजर चुकवली. पुढच्या खोलीचं दार लागलं. कॉन, ब्रायडी आणि ऑस्टिन स्वयंपाकघरात चहा समोर घेऊन बसले आणि भिंतीतून येणारे आवाज ओळखत राहिले. मंडळातल्या डॉक्टरीणबाईंचा उंच आवाज: पोरीला जाऊ द्या, नाहीतर जग आपल्याला हसेल. त्यावर कुणीतरी: हसू दे, बघू तर देणार नाही. मग सगळ्या एकदम. मग बराच वेळ नुसती कुजबुज. तेवढ्यात दक्षिणेचा वारा सुटला, घरातली सगळी दारं एकामागून एक आपटली, आणि पुढच्या खोलीत होनोरा काय म्हणाली ते कुणालाच ऐकू आलं नाही.

कॉन उठला नाही. आयुष्यभर गलक्यावरून निकाल ओळखणाऱ्या माणसाला या वेळी गलकाच मिळाला नव्हता. बायका हळूहळू बाहेर पडल्या, टोप्या हातांनी धरून. डॉक्टरीणबाई रडत होत्या, त्यावरून त्याने काय ते ओळखलं.

होनोरा परसात आली तेव्हा डेलिया वाऱ्यात फडफडणाऱ्या चादरी दोरीवरून ओढत होती. होनोराने दुसरं टोक धरलं. दोघींनी ती ताणली.

"राहिला नियम," होनोरा म्हणाली. "माझ्या मताने राहिला."

डेलियाने चादरीची घडी घातली, आईच्या हातातलं टोक घेतलं आणि पुन्हा घडी घातली. मग म्हणाली, "ठीक आहे. मी महासंघाला कळवते की येत नाही."

"असं कुणी सांगितलं?"

"तू आत्ताच म्हणालीस."

"मी म्हटलं नियम राहिला. तू जाऊ नकोस असं म्हटलं नाही." होनोराने दुसरी चादर ओढली, ती वाऱ्याने तोंडावर आली, ती बाजूला करून ती बोलत राहिली. "उद्या तू पोहणार. सोमवारी मी तुझं नाव काढणार. स्वतःच्या हाताने, सगळ्यांसमोर. त्या दोनशे पोरींच्या आयांना दिसलं पाहिजे की या बाईने स्वतःच्या मुलीलाही सोडलं नाही. मग त्या पाठवत राहतील. नियम त्यांच्यासाठी आहे, डेलिया. तुला आता त्याची गरज नाही. टेसला होती, तेव्हा तो नव्हता."

"आणि बुधवारी मी खाली—"

"बुधवारी नाही. यापुढे नाही."

"तुझ्याबरोबर फाटक उघडायलाही नाही?"

होनोराने नकारार्थी मान हलवली. तिचा चेहरा तिच्या ताब्यात नव्हता आणि तो लपवायला तिने चादर वापरली नाही.

"तू येशील ना उद्या?" डेलियाने विचारलं.

"मी कशी येणार? मंडळाची अध्यक्ष मी. पुरुषांमध्ये बसून तुला बघितलं, की माझा शब्द गेला."

"माझी एकही शर्यत तू चुकवलेली नाहीस."

"नाही चुकवली." होनोराने घडी केलेल्या चादरी तिच्या हातांवर ठेवल्या, एकीवर एक, आणि वरच्या चादरीवरून हात फिरवून सुरकुती काढली. "म्हणून सांगते. हरू नकोस. हरलीस तर मी तुला फुकट गमावली असं होईल."